‘बाबांना काही सांगू नका’च्या पुढे: गंभीर आजारात आशा ठेवून आखणी कशी करावी

गंभीर आजार घरात आला की बहुतेक कुटुंबं नकळत एक नियम करून टाकतात: वाईट काही बोलायचं नाही. बोललं की आशा सुटते आणि आशा सुटली की माणूस खचतो, असा हिशेब. म्हणून मुलगा डॉक्टरांच्या खोलीत आधी एकटाच शिरतो आणि म्हणतो, “बाबांना काही सांगू नका हं.” तिकडे बाबा सलाईन बदलायला आलेल्या सिस्टरला हळूच विचारतात, “पोरांना घाबरवू नका, पण मला खरं सांगा.” सगळ्यांना बरंचसं कळलेलं असतं आणि बोलत कुणीच नाही. मग एका रात्री धाप लागते, १०८ला फोन जातो, आणि आयसीयूच्या दाराबाहेर तीन भावंडं एका फॉर्मवर सही कुणी करायची म्हणून एकमेकांकडे बघत राहतात.

घरोघरी जाणाऱ्या पॅलिएटिव्ह केअर टीममध्ये, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करून जगणं सुसह्य करणाऱ्या टीममध्ये, मी वैद्यकीय समाजसेविका आहे. कामातून पटलेली गोष्ट अशी, की पुढची आखणी मरणापासून सुरू करायची नसते, आशेपासून करायची असते. रुग्णाला नेमकी कशाची आशा आहे हे न विचारता केलेला, कोणते उपचार हवेत-नकोत याचा कागद कितीही नोटरी केला तरी ऐन वेळी उपयोगी पडत नाही. आशा विचारली, तर निम्मी आखणी तिथेच होऊन जाते.

‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द ऐकला की लोक दचकतात, म्हणून एक अभ्यास इथेच सांगते. २०१० मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरचे १५१ रुग्ण घेऊन एक तुलना प्रसिद्ध केली. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले, निम्म्यांना त्याच उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटाचं रोजचं जगणं सुसह्य होतं, नैराश्य कमी होतं आणि शेवटच्या दिवसांत जड उपचार कमी घेऊनही त्यांचं आयुष्यमान जास्त निघालं: मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो आकडा, ११.६ महिने, तर पहिल्या गटाचं ८.९. आयुष्य वाढल्याचा निष्कर्ष पुढच्या सगळ्याच अभ्यासांत दिसला नाही, पण जगणं सुधारल्याचा पुन्हा पुन्हा दिसला. मोकळं बोलल्याने माणूस लवकर जातो, या भीतीला त्यात कुठे आधार मिळत नाही.

कधी बोलायचं

आयसीयूच्या बाहेर नाही. तिथे निर्णय होत नाहीत, तिथे घाबरून सह्या होतात.

काही खुणा लक्षात ठेवा. वर्षभरात दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा ॲडमिट करावं लागलं. माणूस दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात घालवू लागला. कारण नसताना वजन उतरतंय. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं, डायलिसिसचा विषय निघाला, केमोची तिसरी औषधयोजना सुरू झाली. स्मृतिभ्रंशाचं निदान झालं असेल तर मात्र वाट बघूच नका. त्या आजारात रुग्ण स्वतः बोलू शकेल असा काळ सुरुवातीलाच असतो आणि तो हातचा निसटतो.

चांगली वेळ म्हणजे डिस्चार्जनंतरचा आठवडा-दोन आठवडे. दगदग संपलेली असते, पण काय झालं होतं ते सगळ्यांच्या आठवणीत ताजं असतं. “परत तसं झालं तर काय करायचं?” हा प्रश्न तेव्हा अभद्र वाटत नाही. सणाच्या दिवशी, सगळे जमलेत म्हणून हा विषय काढू नये. गणपतीत घरी आलेल्या लेकीला जेवणाच्या पंगतीत हे ऐकवण्याची गरज नाही.

डॉक्टरांकडून काय काढून घ्यायचं

ओपीडीत पाच मिनिटं मिळतात आणि ती रिपोर्ट बघण्यात जातात. म्हणून वेगळी वेळ मागा: “रिपोर्ट दाखवायचे नाहीत, पुढचं समजून घ्यायचंय.” ‘किती दिवस?’ हा प्रश्न विचारला की डॉक्टर टाळतात, कारण त्याचं नेमकं उत्तर त्यांच्याकडेही नसतं. त्याऐवजी विचारा: सगळं चांगलं गेलं तर पुढचं वर्ष कसं असेल? वाईट गेलं तर? आणि तुम्हाला बहुधा काय होईल असं वाटतं? तीन उत्तरं मिळाली की त्यांतून चित्र उभं राहतं. हे उपचार आजार बरा करण्यासाठी आहेत, आयुष्य लांबवण्यासाठी आहेत की त्रास कमी करण्यासाठी, हेही स्पष्ट विचारून घ्या. केमो चालू आहे म्हणजे बरं होण्यासाठीच, असं घरचे धरून चालतात. पुष्कळदा तसं नसतं.

प्रत्येक आजाराची चाल वेगळी असते. कॅन्सरमध्ये माणूस बराच काळ हिंडता-फिरता असतो आणि शेवटच्या काही आठवड्यांत झपाट्याने उतरतो. हृदय, फुप्फुस आणि किडनीच्या जुनाट आजारांत चढ-उतार असतात. माणूस मरणाच्या दारातून परत येतो, पण दर वेळी आधीपेक्षा थोडा कमी होऊन. या दुसऱ्या प्रकारात घरचे हमखास गाफील राहतात. “मागच्या वेळीही असंच झालं होतं, आले की घरी.” म्हणून सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट, धाप लागणारा आजार) किंवा हार्ट फेल्युअर असलेल्या घरांना माझा आग्रह जास्त असतो. कॅन्सरवाल्यांना निदान विषयाचं गांभीर्य कुणी सांगावं लागत नाही.

रुग्णाला किती सांगायचं

हे घरच्यांनी ठरवायचं नसतं, डॉक्टरांनीही नाही. रुग्णालाच विचारायचं. “आई, डॉक्टरांनी तुझ्या आजाराबद्दल बरंच सांगितलंय. तुला सगळं ऐकायचंय, का थोडक्यात सांगू, का आम्हीच बघून घेऊ?” काही माणसं खरंच म्हणतात, “तुम्हीच बघा, मला नका सांगू.” तोही त्यांचाच निर्णय, तो मानायचा. पण न विचारता लपवणं वेगळं. लपवलेलं शेवटी लपत नाही. टाटा हॉस्पिटलच्या पाट्या, केमोने गळलेले केस, पाहुण्यांचे चेहरे यांतून माणूस काय ते समजतो. फक्त त्या समजण्यात तो एकटा पडतो.

“ते खचतील” म्हणणाऱ्या मुलांशी वाद घालून उपयोग होत नाही. मी त्यांना एवढंच विचारते, “बाबांनी तुम्हाला काही विचारलंय का?” बहुतेक वेळा बाबांनी विचारलेलं असतं आणि मुलांनी विषय बदललेला असतो. पुढच्या वेळी विचारलं की लगेच उत्तर देऊ नका. उलट विचारा, “तुम्हाला काय वाटतंय बाबा?” आणि मग गप्प बसा. ही शांतता अवघड असते, पण ती मोडायची नाही.

आशा कशाची, हे विचारणं

वेळ संध्याकाळची ठेवू नका, तेव्हा बरेच रुग्ण थकलेले आणि घाबरे असतात. सकाळची अंघोळ, नाश्ता झाल्यावर, टीव्ही बंद करून बसा. माणसं दोन-तीनच हवीत. अख्खं कुटुंब गोळा केलं की रुग्ण सगळ्यांना बरं वाटेल असं बोलतो.

पहिला प्रश्न: “पुढच्या काही महिन्यांत काय व्हावं असं वाटतं?” उत्तर बहुधा “बरं व्हावं” असं येतं. ते खोडून काढू नका आणि “होणारच!” असंही म्हणू नका. म्हणा, “मलाही तेच वाटतं. आणखी काय?” या ‘आणखी काय’नंतर खऱ्या गोष्टी बाहेर येतात. बरं होण्याची आशा एकीकडे राहतेच. तिच्या शेजारी नातीचं बारसं, गावाकडच्या घराचा उतारा नावावर होणं, भावाशी दहा वर्षांचा अबोला सुटणं, एकदा आळंदीला जाऊन येणं, पोट साफ होणं, रात्रभर झोप लागणं अशा आशा येऊन बसतात. मोठ्या आणि लहान आशा एकाच माणसात एकाच वेळी असतात.

मग भीती विचारायची: “सगळ्यात जास्त धास्ती कशाची वाटते?” इथे मरणाचं नाव क्वचित येतं. दुखण्याचं येतं, गुदमरण्याचं येतं, सुनेला आपलं सगळं करावं लागण्याचं येतं, खर्चाचं तर फारच येतं. आणि शेवटी देवाणघेवाण: “जास्त दिवस मिळावेत म्हणून काय काय सोसायची तयारी आहे? आणि काय झालं तर ‘आता पुरे’ असं वाटेल?”

एक उदाहरण देते; ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एक निवृत्त एसटी वाहक, वय सत्तरीच्या पुढे, जुना सीओपीडी. वर्षात दोनदा आयसीयूत जाऊन आलेले, त्यांतल्या एका वेळी घशात नळी घालून आठवडाभर व्हेंटिलेटरवर. घरच्यांनी आम्हाला आधीच बजावलं, “दादांना आता काहीच नकोय, तसं लिहून द्यायचंय.” ओट्यावर बसून दादांशी बोललो तेव्हा निघालं वेगळंच. नातू दहावीत होता. निकाल बघायचा होता त्यांना, आणि पेढे स्वतः जाऊन आणायचे होते. “तो तोंडावरचा मास्क लावा की,” ते म्हणाले, “त्याचं काही नाही. गुदमरल्यासारखं होतं, पण दोन दिवसांत उतरतो. घशातली नळी मात्र नको. हात बांधून ठेवले होते माझे.” त्यांच्या कागदावर मग ‘काहीच नको’ आलं नाही. बायपॅप, म्हणजे तो मास्क, चालेल, सलाईन आणि अँटिबायोटिक चालेल, नळी घालून व्हेंटिलेटर नको, असं आलं. फेब्रुवारीत पुन्हा धाप लागली तेव्हा कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना तो कागद दाखवला, मास्कवर तीन दिवस काढले आणि ते घरी आले. निकाल लागला त्या दिवशी पेढे त्यांनी स्वतः आणले नाहीत, रिक्षात बसून दुकानापर्यंत गेले आणि आतून बोट दाखवून घेतले.

न विचारता ‘काहीच नको’ लिहिलं असतं, तर तो मास्कही लागला नसता. आखणी म्हणजे नुसती नकारांची यादी, ही समजूत घरच्यांची असते तशी पुष्कळ डॉक्टरांचीही असते.

आपल्या वतीने कोण बोलणार

माझ्या मते कागदापेक्षा हे महत्त्वाचं. सगळ्या शक्यता कुठल्याच कागदात मावत नाहीत. न लिहिलेली परिस्थिती आली की कुणीतरी “दादांना हे चाललं असतं” किंवा “चाललं नसतं” असं सांगायला हवं.

आपल्याकडे हा मान आपोआप थोरल्या मुलाकडे जातो. तो योग्य असेलच असं नाही. निवडताना तीन गोष्टी बघा: तो माणूस फोन केल्यावर तासाभरात पोचू शकतो का, डॉक्टरांना उलट प्रश्न विचारू शकतो का, आणि स्वतःला पटत नसलेली इच्छाही पाळू शकतो का. तिसरी सगळ्यात अवघड. आईवर अतोनात जीव असलेला मुलगा नेमका इथे कमी पडतो. पुष्कळदा धाकटी मुलगी, सून, भाचा किंवा शेजारचे निवृत्त शिक्षक जास्त ठाम निघतात. एक नाव मुख्य आणि एक पर्यायी, अशी दोन ठेवा.

आता परदेशातल्या मुलांबद्दल. न्यू जर्सीहून किंवा दुबईहून मुलगा विमानाने उतरतो, थेट हॉस्पिटलात येतो आणि म्हणतो, “काय लागेल ते करा, पैशाचा विचार करू नका.” तो वाईट नसतो, दोन वर्षं त्याने फोनवर फक्त “ठीक आहे” ऐकलेलं असतं. त्याला आधीच्या बोलण्यात व्हिडिओ कॉलवर घ्या आणि रुग्णाच्या तोंडूनच ऐकू द्या. रुग्णाची परवानगी असेल तर ते बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. त्याने कायदेशीर कागदाची जागा भरून निघत नाही, पण भावंडांतला वाद मिटवायला आईच्या आवाजाइतकं दुसरं काही चालत नाही.

उपचार एकेक करून

‘जड उपचार नकोत’ किंवा ‘हाल नकोत’ असं लिहून काही होत नाही. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरला त्यातून काय करायचं ते कळत नाही. एकेक उपचार घ्या.

हृदय बंद पडल्यावर छाती दाबून ते सुरू करण्याचा प्रयत्न, म्हणजे सीपीआर. सिनेमात तो जवळजवळ नेहमी यशस्वी होतो. प्रगत देशांतल्या हॉस्पिटलांत ज्यांच्यावर तो होतो त्यांच्यापैकी सुमारे पाचातला एक जण घरी जातो, आणि हा आकडा सगळ्या प्रकारच्या रुग्णांचा मिळून आहे. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये शक्यता याहून बरीच कमी असते आणि बरगड्या मोडण्याची शक्यता मात्र असतेच. सीपीआर न करण्याबद्दल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. डॉक्टरांशी बोलताना त्यांचा उल्लेख करा.

व्हेंटिलेटरबाबत ‘हो’ किंवा ‘नाही’ यांच्या मधली एक वाट असते: मुदतीचा प्रयत्न. “न्यूमोनियासारखं बरं होण्याजोगं कारण असेल तर चार-पाच दिवस लावा. सुधारणा नसेल तर काढण्याचा विचार करा.” डायलिसिसलाही हेच लागू. डायलिसिस न घेता सूज, खाज, मळमळ आटोक्यात ठेवत जगणं हाही वैद्यकीय पर्याय आहे. वयस्कर आणि आधीच खूप थकलेल्या रुग्णांच्या बाबतीत किडनीच्या डॉक्टरांशी त्यावर बोलायलाच हवं.

सगळ्यात जास्त अडतं ते नाकातल्या नळीपाशी. “उपाशी कसं ठेवायचं?” हा प्रश्न आपल्या घरांत थेट काळजाला लागतो, आईच्या तोंडात घास न जाणं म्हणजे आपण काहीतरी पाप करतोय असं वाटतं. शेवटच्या दिवसांत शरीरच अन्न मागेनासं होतं. बळेच घातलेलं पोटात राहत नाही, फुप्फुसात जाण्याची भीती असते. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यातही नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही. चमच्याने जेवढं मागेल तेवढं देणं, ओठ आणि जीभ ओल्या कापसाने पुसत राहणं, आवडत असेल तर थेंबभर उसाचा रस, ही काळजीच आहे. घशाचा कॅन्सर असून बाकी प्रकृती बरी असलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. तिथे नळी महिनोन्‌महिने उपयोगी पडते.

काहीही नाकारलं तरी एक गोष्ट कधीच बंद होत नाही, हे कागदावर ठळक लिहा: दुखणं, धाप, उलटी, घालमेल यांवरचे उपचार. मॉर्फिन या तीव्र दुखण्यावरच्या औषधाची भीती काढून टाका. दुखण्यासाठी डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन लागत नाही आणि मरण जवळ येत नाही. धाप कमी करायलाही ते वापरतात. बद्धकोष्ठ मात्र जवळजवळ प्रत्येकाला होतं, म्हणून सोबत जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाल्यावर मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं, तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही. कुठल्या केंद्रात मिळेल हे आधीच शोधून ठेवा.

कायदेशीर कागद

वर्तमानपत्रं या कागदाला, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्राला (लिव्हिंग विल), सर्रास ‘इच्छामरण’ म्हणतात, त्यामुळे लोक विनोबांचं प्रायोपवेशन किंवा जैनांची सल्लेखना यांच्याशी गल्लत करतात. इथे मरण मागायचं नसतं. बरं होण्याची शक्यता उरली नसेल आणि आपण बोलण्याच्या स्थितीत नसू, तर कोणते उपचार करू नयेत किंवा थांबवावेत, एवढंच आधी सांगून ठेवायचं असतं. हल्ल्यानंतर अनेक दशकं अचेत अवस्थेत असलेल्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय प्रथम सविस्तर हाताळला. ९ मार्च २०१८ च्या ‘कॉमन कॉज’ निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, धरला आणि असं वैद्यकीय इच्छापत्र वैध ठरवलं. त्या वेळची पद्धत इतकी किचकट होती, न्यायदंडाधिकाऱ्याची सही वगैरे, की जवळपास कुणी त्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयानेच ती सोपी केली.

आज ते असं करायचं. सज्ञान आणि समजून-उमजून निर्णय घेऊ शकणारी कुणीही व्यक्ती, आजारी असो वा धडधाकट, हे लिहू शकते, जबरदस्ती नको. त्यात कोणत्या परिस्थितीत काय नको हे निःसंदिग्ध लिहायचं. परिणाम समजून घेतले आहेत आणि हे कधीही रद्द करता येईल याची जाणीव आहे, असं नमूद करायचं. आपण बोलू शकत नसताना संमती किंवा नकार देणाऱ्या पालक (गार्डियन) अथवा नातेवाइकांची नावं द्यायची, एकापेक्षा जास्त चालतात. दोन साक्षीदारांसमोर सही करायची. साक्षीदार शक्यतो त्रयस्थ असावेत, वारस नकोत. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते साक्षांकित करून घ्यायचं. मराठीत लिहा, म्हणजे आपल्याला काय सही करतोय ते कळेल. औषधोपचारांची नावं डॉक्टर वापरतात तीच ठेवा, आणि हॉस्पिटलासाठी इंग्रजी प्रत सोबत जोडा.

एक प्रत नाव दिलेल्या नातेवाइकांना, एक फॅमिली डॉक्टरांना, आणि एक स्थानिक संस्थेच्या, म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या, नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. हा शेवटचा दुवा बराच काळ कागदावरच होता. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं इच्छापत्र केलं, ते ठेवायला कुणी अधिकारीच नाही असं दिसल्यावर उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि त्यानंतर राज्यात असे अधिकारी नेमले गेले. गोव्यात मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सोनक यांनीच आपलं इच्छापत्र नोंदवून सुरुवात केली. तुमच्या नगरपालिकेत खिडकीवर विचारलं तर “असं काही नसतं” हे उत्तर मिळण्याची तयारी ठेवा. आरोग्य विभागात जा, अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

मालमत्तेचं मृत्युपत्र आणि हे, दोन्ही एकाच कागदावर आणू नका. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, हे तो असताना लागतं. सातबाऱ्याच्या फायलीत कुलूपबंद ठेवलेलं इच्छापत्र असून नसल्यासारखं. आमच्या रुग्णांना आम्ही सांगतो: चालू औषधांच्या पिशवीत झेरॉक्स आणि दोघातिघांच्या मोबाइलमध्ये फोटो.

हॉस्पिटलात काय होतं

रुग्ण बोलू शकतो तोवर कागद उघडायचीच गरज नाही. त्याचा त्या क्षणीचा शब्द कागदाच्या वर. तो बोलू शकत नसेल तर हॉस्पिटल दोन मंडळं नेमतं. पहिल्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे निदान दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेले एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. दोन्हींचं एकमत झालं आणि नाव दिलेल्या नातेवाइकांनी संमती दिली, की प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून उपचार थांबवता येतात. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं. इच्छापत्र नसेल तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने हीच वाट खुली असते.

प्रत्यक्षात पुष्कळ हॉस्पिटलं हे करायला कां-कूं करतात आणि सोपा मार्ग दाखवतात: “स्वतःच्या जबाबदारीवर घरी न्या.” वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज, ज्याला वॉर्डात ‘डामा’ म्हणतात. मला याची चीड आहे. घरचे अपराधी भावनेने सही करतात, आणि रुग्ण ना दुखण्याचं औषध, ना धापेचं, ना कुणाचा फोन नंबर अशा अवस्थेत रिक्षातून किंवा ॲम्ब्युलन्सने घरी येतो. अशी वेळ आली तर म्हणा, “आम्ही सल्ल्याविरुद्ध नेत नाही आहोत. पॅलिएटिव्ह केअरसाठी नेतोय, तसं डिस्चार्ज कार्डावर लिहा आणि औषधं लिहून द्या.” वरिष्ठ डॉक्टरांना भेटायचा हट्ट धरा. हॉस्पिटलात पॅलिएटिव्हचा विभाग असेल, जसा परळच्या टाटा मेमोरियलमध्ये आहे, तर त्यांना बोलवायला सांगा. पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून कॅन्सर रुग्णांची विनामूल्य काळजी घेतं. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, त्यांचं केंद्र गोव्यातही आहे. कॅन्सर सोडून इतर आजारांसाठी सोयी अजून तुटपुंज्या आहेत. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रमाखाली कुणी आहे का, ते विचारून बघा.

घरी, रात्री दोन वाजता

‘घरीच राहायचंय’ असं ठरलं असेल, तर घराची तयारी लागते. फ्रिजवर एक कागद चिकटवा: दुखलं तर कोणतं औषध किती, धाप लागली तर काय, घशात घरघर सुरू झाली तर काय, आणि आधी फोन कुणाला. १०८ची गाडी आली की तिच्यातले डॉक्टर त्यांचं काम करणार, म्हणजे जीव वाचवण्याचे प्रयत्न आणि जवळचं हॉस्पिटल. ते नको असेल तर पहिला फोन टीमला किंवा फॅमिली डॉक्टरांना जायला हवा. हे शेजाऱ्यांना आणि रात्रीच्या बाईंनाही सांगून ठेवा. घाबरून १०८ला फोन करणारे बहुधा तेच असतात.

कुणी उघड विचारत नाही असा एक प्रश्न: घरी गेले तर दाखला कोण देणार? या एका धास्तीने शेवटच्या तासांत हॉस्पिटल गाठलेली घरं मी पाहिली आहेत. हॉस्पिटलाबाहेरच्या मृत्यूसाठी कारणाचा दाखला नमुना ४-अ मध्ये शेवटच्या आजारात उपचार करणारे डॉक्टर देऊ शकतात. ज्यांनी रुग्णाला अलीकडे पाहिलेलंच नाही असे डॉक्टर देणार नाहीत आणि त्यात त्यांची चूक नाही. म्हणून फॅमिली डॉक्टरांना आठवड्या-पंधरवड्याने घरी येऊन पाहून जायला सांगा, फायली दाखवा, आणि “वेळ आली तर दाखला द्याल ना?” हे आधीच विचारून घ्या. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. नेत्रदान करायचं असेल तर नेत्रपेढीचा नंबर त्याच कागदावर लिहा, कारण साधारण सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. बहुतेक कॅन्सरमध्ये नेत्रदान चालतं, रक्ताच्या कॅन्सरमध्ये नाही.

परत वाचणं

माणसं मत बदलतात. नळी नको म्हणणारी आजी नातवाचं लग्न ठरलं की “महिनाभर लावा काय ते” म्हणते, आणि सगळं करा म्हणणारे काका तिसऱ्या केमोनंतर थकून पुरे म्हणतात. दर ॲडमिशननंतर आणि प्रत्येक नव्या निदानानंतर कागद काढून रुग्णाला वाचून दाखवा आणि विचारा, “अजून असंच वाटतं का?” तसंच वाटत असेल तर खाली तारीख टाकून सही घ्या. बदल असेल तर लेखी करा, आणि मोठा बदल असेल तर नवा कागद साक्षीदार-नोटरीसह. दोन वैध कागद निघाले तर शेवटी सही झालेला धरतात. जुन्या प्रती डॉक्टरांकडून, पालिकेकडून, औषधांच्या पिशवीतून परत घ्या, आणि भावंडांच्या मोबाइलमधला जुना फोटो समोर बसून डिलीट करायला लावा.